गाडी तापल्यावर

सकाळी गाडी सुरूच झाली नाही तर एका परीने ते बरं असतं. बॅटरी उतरलेली असते, पेट्रोल येत नसतं किंवा प्लगला करंट नसतो. जे काही असेल ते जागेवरून हलत नाही. मेकॅनिक येईपर्यंत दोष तिथेच थांबतो आणि आल्यावर त्याला सापडतो. खरा छळ करते ती सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी, सगळं शहर बिनतक्रार ओलांडणारी आणि पुरती तापल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गप्प होणारी गाडी. पाय खाली जातो, पण इंजिनाचा आवाज तसाच राहतो. मग एक गचका, लगेच दुसरा, आणि त्यानंतर काही झालंच नाही अशा थाटात ती पुन्हा ओढायला लागते. रस्त्याकडेला थांबून सावकाश चहा घ्यावा, तर पुढचे दहा-पंधरा किलोमीटर निर्वेध जातात. गॅरेजपर्यंत पोचून बॉनेट उघडेस्तोवर तक्रार करायला काही उरलेलंच नसतं.

आमच्याकडे १९८०च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४च्या सुमारास तीच गाडी पद्मिनी झाली, हा इतिहास बहुतेकांना मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यातली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. माझ्या दृष्टीने या गाडीची थोरवी तिच्या साधेपणात आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा सोलेक्सचा कार्बोरेटर, आणि ठिणगी पाडायला बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी कॉइल, तिचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट, आणि कंडेन्सर. कॉम्प्युटर कुठेही नाही. बॉनेट उघडलं की सगळा कारभार डोळ्यांसमोर असतो. आणि तरीही हा एक दोष सापडायला अख्खा उन्हाळा गेला. त्या शोधात मला जे उमगलं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण ही विचार करायची पद्धत मला फार मोलाची वाटते आणि ती ज्यांच्या हातात आहे अशी माणसं आता थोडीच उरली आहेत.

लक्षणं नेमकी सांगतो. पुण्यातून साताऱ्याच्या दिशेने निघालं की शिरवळपर्यंत काही नाही. शिरवळ मागे पडलं, खंबाटकीचा चढ सुरू झाला, तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला की ते अडखळणं. स्लो स्पीडला गाडी उभी केली तर इंजिन एका लयीत. जागेवर रेस दिली तरी साफ. तापमानाचा काटा जिथे असायचा तिथेच, म्हणजे रेडिएटरची तक्रार नाही. आणि परतीच्या वाटेवर, बोगद्यातून पुण्याकडे उतरताना, एकही गचका नाही.

थंड इंजिनात हा दोष का दिसत नाही, याचं पहिलं उत्तर चोकमध्ये आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, हे आदर्श प्रमाण. पण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळीच्या, भिंतींनाच चिकटून राहतं, म्हणून चोक ओढून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. या श्रीमंतीत बरेच दोष झाकले जातात. कुठे गॅस्केटमधून चोरून हवा आत येत असेल, कार्बोरेटरमधला एखादा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) अर्धवट बुजला असेल, तरी चोक सगळं सांभाळून नेतो. इंजिन तापलं, चोक आत गेला की मिश्रण बेताचं होतं आणि मग जिथे कमी आहे तिथे कमी दिसू लागतं. त्यामुळे चोक आत गेल्याबरोबर अडखळायला लागली, तर आधी पेट्रोल-हवेकडे बघावं. आमची मात्र चोक आत गेल्यावरही कितीतरी वेळ उत्तम चालत होती. दोष यायचा तो बॉनेटखालची हरेक वस्तू भाजून निघाल्यावर. हा फरक मी वहीत लिहून ठेवला होता आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच निदान केलं: पेट्रोल पंप गरम होतोय, ओलं फडकं टाक. या सल्ल्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. बोरघाटात, कसाऱ्यात, उन्हाळी दुपारी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर, आणि पंपावर ओल्या फडक्याची घडी ठेवून विडी ओढत बसलेला ड्रायव्हर, हे दृश्य माझ्या लहानपणी सर्रास दिसायचं. त्यामागचं कारण खरं आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांलाच उकळू लागतात. जुन्या गाड्यांत पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथे उकळणं आणखी लवकर. नळीत वाफेचे बुडबुडे भरले की पंप नुसती वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

मात्र दोषाची एक चाल असते आणि ती पायाला कळते. पेट्रोलची तक्रार हळूहळू येते. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, तो संपेपर्यंत गाडी चालते, मग ओढ कमी कमी होत जाते, आणि पाय सोडला तरी सावरायला वेळ लागतो. करंटची तक्रार झटक्यात येते, झटक्यात जाते. आमची गाडी झटक्यात जात होती. तरी केवळ अंदाजावर सोडायचं नव्हतं, म्हणून पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. दोष हजर असताना गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, फिल्टर पेट्रोलने भरलेला, बुडबुडा नाही. पंपावर फडकंही टाकून पाहिलं. (टाकायचं तर नीट पिळून टाकावं, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडालं तर नवाच दोष जन्माला येतो.) काही फरक नाही. इंजिन बंद करून, एअर फिल्टर काढून, हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) ओढलं तर कार्बोरेटरमधल्या छोट्या ॲक्सिलरेटर पंपाची धार पहिल्या हालचालीलाच आत पडत होती. ही धार उशिरा किंवा तुटक पडली तर पाय दाबल्याक्षणी इंजिन उपाशी राहतं आणि हुबेहूब असंच अडखळतं. आमची धार ठणठणीत होती. पेट्रोलची बाजू इथे निर्दोष ठरली.

जवळजवळ निर्दोष म्हणू. कारण पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. आपल्याकडे २०२२ साली दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३पासून वीस टक्केवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच्या एका भागाला नऊच भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणाचं आदर्श प्रमाण १३.५च्या आसपास येतं. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेच्या तुकड्यातलं ठरावीक मापाचं भोक, त्याला कोण सांगणार? गाडी जन्मभर ज्या मिश्रणावर चालली त्यापेक्षा आता ती सात-आठ टक्के कोरड्या, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणावर चालते. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. नळ्या मी सगळ्या बदलून घेतल्या. जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे एक काम आधी करावं, इंजिन अडखळत असो वा नसो, कारण तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची नळी फुटणं ही आगीशी गाठ आहे.

या दरम्यान एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने गाडी सुरू केली, दोन वेळा रेस दिली आणि कागदावर यादी लिहायला घेतली: कॉइल, कॅप, रोटर, वायर, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर किट. सगळंच बदलून टाकू, म्हणजे प्रश्नच नको. मी नको म्हटलं. पैशांचा मुद्दा होताच, पण मला खरी चीड आली ती त्या पद्धतीची. आठ वस्तू एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कुणालाच कळत नाही. गेला नाही, तर आता आठ नव्या अनोळखी वस्तू गाडीत आहेत आणि त्यांतल्या कुणाचीही खात्री देता येत नाही. दोन्ही वाटांनी गाडीबद्दल आपल्याला होतं ते ज्ञानही कमी होतं. आणि पिढीजात कौशल्य मरतं ते असंच, एकेका यादीने.

मग चाचांकडे गेलो, ते जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. भवानी पेठेतल्या एका बोळात त्यांची टपरीवजा जागा आहे. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सींवर काढली, पुढे पुण्यात आले. सत्तरी ओलांडली तरी हात स्थिर. मी सगळं वर्णन केलं, वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गाडी कुठंय?”

“खाली लावलीय चाचा. आणू?”

“आता थंड झाली असेल. थंड गाडीत मी काय बघू, बेटा? हिवतापाचं रक्त ताप चढल्यावर काढतात. रविवारी ये. हडपसरवरून सासवडच्या रस्त्याला जाऊ. दिवे घाट आहे ना, तो आपला दवाखाना.”

तो रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. पहाटे निघालो, म्हणजे घाटात रहदारी कमी. चाचांच्या पायाशी कापडी पिशवी, तिच्यात पाने, फट मोजायचं फिलर गेज, वायरचे तुकडे, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि एक वापरलेली कॉइल. पिशवी एवढीच. घाटाच्या आधी सपाट रस्त्यावर त्यांनी मला टॉप गिअर टाकायला लावला. “तीसवर आण. आता पाय पूर्ण दाब, आणि दाबून ठेव.” मी दाबला. गचका. तोच, खंबाटकीतला. घाट अजून पुढे होता आणि दोष इथेच हजर झाला होता.

असं का होतं, ते त्यांनी गाडी चालू असतानाच दोन वाक्यांत सांगितलं, मी ते जरा विस्ताराने मांडतो. प्लगच्या फटीत ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. गाडी उभी करून नुसती रेस दिली तर थ्रॉटल जेमतेम उघडतं, आत हवा कमी जाते, दाब कमी असतो, ठिणगीला फार जोर लागत नाही. वरचा गिअर, कमी वेग आणि पूर्ण दाबलेला पाय, म्हणजे प्रत्येक सिलिंडर गच्च भरतो. तोच प्लग, तीच फट, पण आता ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. मिश्रण कोरडं असेल तर त्याहून थोडं आणखी. म्हणजे चढावर मागणी वाढते. दुसरीकडे उष्णतेने पुरवठा घटतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल साठ अंशांनी तापली तर तिच्यातून जाणारा प्रवाह चांगलाच कमी होतो. त्यात आतलं इन्सुलेशन जुनं झालेलं असलं तर ते गरम झाल्यावर गळायला लागतं. मागणी चढत जाते, पुरवठा उतरत जातो, आणि जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे ठिणगी चुकते. गॅरेजची फरशी सपाट असते आणि तिथे इंजिनावर भार नसतो. त्यामुळे ही गाठ गॅरेजात कधी पडतच नाही.

टॅक्सींच्या दिवसांत चाचांना याचा भरपूर अनुभव आला होता. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा पेट्रोल उकळण्याचा प्रश्न मिटला, पण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त कडक लागते. पेट्रोलवर कसंबसं भागवणारी कॉइल गॅसवर लगेच उघडी पडायची. ते म्हणाले, तेव्हापासून मी प्लगकडे नंतर बघतो, आधी बघतो प्लगला कोण देतं ते.

घाट चढून वर रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही तोच चाचा खाली उतरले होते. कॉइलवर हाताचा मागचा भाग टेकवून लगेच काढला. “गरम आहे. पण गरम तर सगळ्याच असतात.” मूळ कॉइल न काढता त्यांनी फक्त तिच्या वायरी सोडवल्या आणि पिशवीतल्या कॉइलला जोडल्या, ती कॉइल बाजूला फडक्यात बांधून ठेवली. इंजिन तसंच तापलेलं. बाकी एकाही गोष्टीला हात लावला नाही. खाली उतरून पुन्हा तोच चढ, तोच गिअर, तोच वेग. गचका आला. मी जरा निराश झालो. चाचा मात्र खुशीत होते. “झालं. कॉइल सुटली. तिच्या वायरी परत लाव.”

ही गोष्ट मला शिकण्यासारखी वाटली. बदल करून दोष गेला नाही, तर तो बदल आधी मागे घ्यायचा, मगच दुसरा करायचा. नाहीतर दोन बदल एकमेकांत मिसळतात आणि मग पुन्हा ती आठ वस्तूंची यादीच.

उरला कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला स्क्रूने बसवलेली, करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची नळी, तिच्यातून निघालेली एक वायर. किंमत इतकी कमी की तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही. आणि मागच्याच सर्व्हिसिंगला पॉइंटबरोबर तो नवा घातलेला होता, म्हणून तर माझ्या वहीत त्याचं नाव सर्वांत खाली होतं.

कंडेन्सरचं काम मात्र नाजूक आहे. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटायला हवा, कारण क्षेत्र जितकं झटकन कोसळेल तितका दुसऱ्या बाजूला मोठा दाब उठतो, दहा-वीस हजार व्होल्टचा, आणि तोच प्लगला जातो. पण वाहता प्रवाह सहजी थांबत नाही. उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतूनच तो उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी त्याला आपल्यात सामावून घेतो. एवढ्या वेळात पॉइंट पुरेसे दूर गेलेले असतात. कंडेन्सर गळका असेल तर ठिणगी प्लगमध्ये पडायची ती पॉइंटवरच पडते, प्लगला मिळतो तो उरलासुरला जोर. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. आत गुंडाळलेला कागद आणि पत्रा तापले की त्यांच्यातली एखादी कमजोर जागा हात टेकते. गार झाली की पुन्हा सावरते. शिरवळपर्यंत का नाही आणि शिरवळनंतर का, याचं उत्तर त्या पेराएवढ्या नळीत होतं.

चाचांनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पॉइंट दाखवले. एका टोकावर टाचणीच्या डोक्याएवढी टेकडी, समोरच्यावर बरोबर तेवढाच खड्डा, आणि भोवती निळसर काळी कड. एका टोकाचा धातू निघून दुसऱ्यावर चढला होता. सर्व्हिसिंगला इतके थोडे दिवस झालेले असताना पॉइंट असे दिसायला नकोत. “बघ, हा स्वतःच सांगतोय,” ते म्हणाले. तरी त्यावर ते थांबले नाहीत. “दुसरा कंडेन्सर आहे? नवा नको. चाललेला पाहिजे.”

बाबांना गाडीतून निघालेला चालू पार्ट कधीच फेकवला नाही. डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर बाबांचं बारीक तिरपं अक्षर: कुठून काढला, कधी, किती किलोमीटरवर, आणि शेवटी एक शब्द, ‘चालू’ किंवा ‘शंका’. कंडेन्सर एक निघाला. चिठ्ठीवर ‘चालू’. चाचांनी चिठ्ठी वाचली, डब्यात परत ठेवली, गाडीतल्या कंडेन्सरची वायर सोडवून टेपने गुंडाळली आणि हा जुना बाहेरच्या बाहेर दोन क्लिपांनी जोडला, एक डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी अर्थिंगला. पॉइंटला त्यांनी पॉलिश पेपरही लावला नाही. एका वेळी एकच.

खाली उतरलो, पुन्हा वर. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. पद्मिनीने तो चढ असा घेतला की मला काही बोलायचं सुचलं नाही. टॉपमध्ये टाकून तीसवर आणली, पुन्हा दाबली. काही नाही, नुसती ओढ. मला वाटलं संपलं, आता घरी जावं. चाचांनी गाडी थांबवायला लावली, बाबांचा कंडेन्सर काढला आणि दोषीच पुन्हा जोडला. पुन्हा चढ. गचका परत आला. तेव्हा कुठे ते म्हणाले, “आता सापडला. मघाशी नुसता गेला होता.” त्यानंतरच त्यांनी पॉइंट घासले, फिलरने फट लावली, बाबांच्या डब्यातला कंडेन्सर स्क्रूने पक्का बसवला आणि मग सासवडला जाऊन पोटभर मिसळ खाल्ली.

घरी आल्यावर मी तो निकामी कंडेन्सर मीटरवर धरला. थंड असताना आकडा ०.२२ मायक्रोफॅरड, अगदी जसा हवा तसा. मग हेअर ड्रायरने तापवला. आकडा थरथरायला लागला, एका जागी टिकेना. पण हे दिसलं ते नशिबाने. साधा मीटर काही व्होल्टांवर मोजतो, आणि गाडीत पॉइंट उघडताना याच वस्तूवर अडीच-तीनशे व्होल्ट येतात. मीटरने पास केलेला कंडेन्सर घाटात नापास होऊ शकतो. म्हणून चाचांचा मीटर म्हणजे दुसरा, चालून सिद्ध झालेला कंडेन्सर आणि दिवे घाट. बाजारात मिळणाऱ्या नव्या सुट्या भागांचा दर्जा आज इतका बेभरवशाचा आहे की नव्या डबीतून काढलेली वस्तू संशयितांच्या यादीतून वगळायचा हक्क आपल्याला नाही.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या असणाऱ्यांना वाटेल, हे सगळं आमच्या कामाचं नाही. शेजारच्या काकांची विसेक वर्षांची गाडी तापली की अडखळते, ती बघताना मला जाणवलं की वस्तू बदलल्या, विचार तोच. थंड असताना त्या गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो. तापल्यावर सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून तो प्रमाण सुधारू लागतो. सेन्सर म्हातारा, सुस्त झाला असेल तर चुकीच्या बातमीवर निर्णय होतात आणि दोष नेमका तापल्यावर उगवतो. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सरही बघावा. त्याचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. तो अर्ध्यातच अडकला तर इंजिन तापलेलं असूनही कॉम्प्युटर थंड समजून पेट्रोल ओतत राहतो, गाडी धूर सोडते आणि दबते. स्कॅनर लावला तर आकडे दिसतात, पण तो गाडी तापलेली असताना, भाराखाली चालवत लावायला हवा. काकांनी गाडी दोनदा दाखवली, दोन्ही वेळा सकाळी, थंड, उभी. ‘कोड काही येत नाही’ एवढं ऐकून परत आले. येत्या आठवड्यात त्यांना घेऊन मी दिवे घाटात जाणार आहे. काकूंनी आधीच बजावलंय, जेवायच्या वेळेला घरी या.

माझ्याकडे आता उरला आहे तो जेटचा प्रश्न. वीस टक्के इथेनॉलला पुरेल असा, एका मापाने मोठा मेन जेट नाना पेठेतून आणून ठेवला आहे. आत्ता, डिसेंबरात, तो लावून काहीच कळणार नाही. गार हवेत गाडी दोन्ही जेटांवर चांगली चालेल. एप्रिलमध्ये, टाकीतलं पेट्रोलसुद्धा उन्हाने तापलेलं असेल अशा दुपारी, जुन्याच जेटवर घाट चढायचा, वर पोचताच इंजिन बंद करायचं आणि निवल्यावर प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. पांढरेफट निघाले, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर मोठा जेट बसेल. तपकिरी असले तर तो बाबांच्या डब्यात जाईल. चिठ्ठीवर ‘चालू’ लिहिता येणार नाही, अजून चाललेला नाही म्हणून. ‘नवा, न वापरलेला’ एवढंच लिहीन, तारीख टाकून.